दहा मिलिवॅटचं स्टेशन : प्रस्तावना

हातात मावणारा साधा वायरलेस सेट पूर्ण ताकदीवर पाच वॅट फेकतो. डिजिटल हॉटस्पॉटची ताकद असते साधारण दहा मिलिवॅट, म्हणजे त्याचा पाचशेवा हिस्सा. ६५ बाय ३० मिलिमीटरचा एक रास्पबेरी पाय झीरो, त्याच्या डोक्यावर जवळपास तेवढंच मोडेमचं बोर्ड, बोटभर अँटेना आणि मोबाइलचा चार्जर, एवढं सगळं सामान. याचा सिग्नल घराच्या भिंती ओलांडून फार तर खालच्या पार्किंगपर्यंत पोचतो. तरीही सकाळी सात वाजता पुण्यातला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता न्यू जर्सीतल्या हॅमशी बोलतो. तिकडे तेव्हा रात्रीची जेवणं उरकलेली असतात.

यात जेवढं कौतुक आहे तेवढाच वाद आहे. जुन्या हॅम मंडळींसमोर हॉटस्पॉटचं नाव काढा, ते लगेच विचारतील, ‘मधलं सगळं अंतर इंटरनेटनं कापलं, मग रेडिओनं काय केलं?’ प्रश्न रास्त आहे. शॉर्टवेव्हवर आयनोस्फिअरच्या लहरीप्रमाणे पहाटे जपान आणि संध्याकाळी युरोप उघडतो. हॉटस्पॉटवर यातलं काहीच घडत नाही. सूर्यावरचे डाग, पावसाळ्यातला खरखराट, अँटेनाची उंची, कशाचाही इथे संबंध नाही. ज्याला तेच हवं आहे त्यानं हे पुस्तक मिटून सरळ चाळीस मीटरचा डायपोल ताणावा. मीही त्याला तेच सांगेन.

पण वादात एक गोष्ट नेहमी निसटते. हॉटस्पॉट हा परवानाधारकाच्या कॉलसाइनवर चालणारा ट्रान्समीटर आहे. आपण ऑफिसात असतो तेव्हाही तो घरी बसून प्रसारण करू शकतो. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती अचूक, कुणाच्या आवाजासाठी आणि किती वेळ, हे सगळं आपण एकदा भरलेल्या आकड्यांवर ठरतं. ज्यांनी आजवर फक्त क्लबच्या रिपीटरवर, म्हणजे सिग्नल ऐकून तो पुन्हा फेकणाऱ्या स्टेशनवर, ‘गुड मॉर्निंग’ केलं, त्यांच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचं, कुणी न हाताळता चालणारं स्टेशन येतं. या पुस्तकाचा विषय ते स्टेशन आहे. त्याला वायफायच्या राउटरसारखं कोपऱ्यात लावून विसरून जायचं असेल, तर पुढची बहुतेक पानं उगाच खर्ची पडली असं समजावं.

रेडिओ आणि इंटरनेटची गाठ नवी नाही. कॅनडात आयआरएलपी १९९७ मध्ये सुरू झालं. इंटरनेटवरून दूरदूरचे रिपीटर जोडायची ती व्यवस्था होती. २००२ मध्ये एकोलिंक आलं आणि संगणकाच्या मायक्रोफोनवरूनही रिपीटरपर्यंत जाता येऊ लागलं. दोन्हीत आवाज ॲनालॉग होता, इंटरनेट फक्त मधला पूल. दरम्यान जपानच्या हौशी रेडिओ संघटनेनं डी-स्टार ही पूर्ण डिजिटल पद्धत तयार केली, आयकॉमनं तिचे सेट बाजारात आणले. युरोपीय मानक संस्था ईटीएसआयनं २००५ मध्ये डीएमआर प्रसिद्ध केलं. ते कारखाने, हॉटेलं, बंदोबस्त यांच्या धंदेवाईक वायरलेससाठी होतं, पण सेट स्वस्त झाले तसे हॅम मंडळींनी ते उचललं. याएसूनं २०१३ च्या सुमारास सिस्टिम फ्यूजन काढलं. म्हणजे आपल्याकडे एकमेकांशी न बोलणाऱ्या तीन भाषा झाल्या. कंपन्यांचं एकमेकांशी पटलं असतं तर या पुस्तकाची पानं निम्म्यावर आली असती.

या तिन्हींसाठी डिजिटल रिपीटर लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. महाराष्ट्रात डोंगरांना तोटा नाही, पण डोंगरमाथ्यावर वीज, जागेची परवानगी, आकाशातल्या विजेपासून संरक्षण आणि दर पावसाळ्यानंतर वर चढून दुरुस्ती करणारी माणसं लागतात. सह्याद्रीच्या एका धारेवरचा रिपीटर पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसाला ऐकूच येत नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या गावाला तर डोंगर पाठीशीच असतो. शहरात डोंगर आड येत नाही, सोसायटीची कमिटी येते. गच्चीवर अँटेना म्हटलं की ‘रेडिएशन’ हा शब्द पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर चढतो. अशा माणसाला घरातच छोटा रिपीटर मिळाला तर तो नको कशाला म्हणेल?

सुरुवातीला असे डबे एकेका पद्धतीपुरतेच होते. यूएसबीत खोचायचा डीव्हॅप डी-स्टारपलीकडे काही जाणत नसे. चित्र बदललं ते ब्रिटनमधले हॅम जोनाथन नेलर यांच्या एमएमडीव्हीएममुळे, म्हणजे अनेक डिजिटल पद्धती एकाच मोडेमवर चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. चिलीतले अँडी उरिबे यांनी ते एडीएफ ७०२१ या छोट्याशा रेडिओ चिपवर चालेल असं बसवलं. अँडी टेलर यांच्या पाय-स्टारनं सगळ्यावर ब्राउझरमध्ये दिसणारा सोपा चेहरा चढवला, आणि पुढे त्याच घराण्यातून डब्ल्यूपीएसडीही निघालं. चिनी कारखान्यांनी बोर्डं भराभर छापली, मूळ कर्त्यांची नावं मात्र त्यांनी बोर्डांवर छापली नाहीत. आज आपण स्वस्तात जे विकत घेतो त्यामागे या लोकांची फुकट दिलेली वर्षं आहेत, हे माहीत असावं.

आता हे चालतं कसं ते थोडं सावकाश पाहू, कारण पुढे येणाऱ्या निम्म्या अडचणी इथेच उलगडतात. आपण सेटवरचं बोलायचं बटण, म्हणजे पीटीटी, दाबून बोलतो. सेटमधला व्होकोडर आवाजाचे वीस वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यातली लहर जशीच्या तशी न पाठवता तो तिचं वर्णन पाठवतो: स्वर किती उंच, घशाचा आवाज की नुसता श्वास, जोर किती. जुन्या डिजिटल टेलिफोनला सेकंदाला ६४,००० बिट लागत, डीएमआरला आवाजापुरते २,४५० पुरतात. चुका सुधारण्यासाठी त्यात आणखी १,१५० मिळवले जातात. माणसाच्या बोलण्याचं वर्णन असं आटोपशीर होतं, पण कुकरच्या शिट्टीचं होत नाही. मागे शिट्टी झाली की पलीकडच्याला काहीतरी भलतंच ऐकू जातं. सेट बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी स्वयंपाकघराचं दार लावून पाहावं.

हे बिट चार वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी-उड्यांच्या रूपात हवेत जातात, सेकंदाला ४,८०० उड्या. डीएमआरची गंमत म्हणजे १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं चालतात. अरुंद घाटात पोलीस दोन्ही बाजूंच्या गाड्या आळीपाळीनं सोडतो तशी तीस-तीस मिलिसेकंदांची पाळी लागते, हेच ते दोन टाइमस्लॉट. हॉटस्पॉटची चिप आपल्या पाळीचे बिट पकडते, बोर्डवरचा मायक्रोकंट्रोलर ते रास्पबेरी पायकडे सोपवतो आणि पाय त्यांची पाकिटं करून इंटरनेटवरून सर्व्हरकडे धाडतो. सर्व्हर ती त्याच गटात सामील असलेल्या जगभरच्या रिपीटरना आणि हॉटस्पॉटना वाटतो.

या सगळ्या प्रवासात हॉटस्पॉटला आवाज एकदाही ऐकू येत नाही. तो फक्त बिट हलवतो, आवाज उलगडतो तो थेट पलीकडच्या माणसाच्या सेटमध्ये. नवख्यांना कोड्यात टाकणाऱ्या बऱ्याच गोष्टी यातून सुटतात. फ्यूजनचा सेट घेऊन डीएमआरच्या गटात बोलता येतं, कारण दोघांचा व्होकोडर एकाच जातीचा, फक्त पाकीट बदलायचं. डी-स्टारचा व्होकोडर आधीच्या पिढीचा आहे, तिथे आवाज उलगडून पुन्हा बांधावा लागतो आणि त्यासाठी वेगळी चिप लागते. व्होकोडर एका कंपनीच्या मालकीचा असणं हे हौशी रेडिओच्या स्वभावाला खटकणारं आहेच. म्हणून डेव्हिड रो यांनी मुक्त कोडेक २ लिहिला आणि पोलंडमधून सुरू झालेल्या एम१७ नं तो वापरला. एम१७ वर या पुस्तकात एकच प्रकरण आहे. ते आणखी मोठं हवं होतं असं मला वाटतं, पण बाजारात सेटच कमी, तर लिहिणार तरी किती.

डेटा किती जातो हा प्रश्न हमखास येतो. दर साठ मिलिसेकंदांना ५५ बाइटचं एक पाकीट, वर पत्त्याचे २८ बाइट. हिशेब केला तर तासभर अखंड गप्पा ऐकूनही पाच एमबीच्या आसपास खर्च होतो. एसटीत बसून मोबाइलच्या डेटावर हे आरामात चालतं. अडचण येते ती घाटात नेटवर्क गेल्यावर. पाकिटं उशिरा किंवा उलटसुलट पोचली की आवाज तुटतो, आणि त्यावर हॉटस्पॉटमध्ये फारसा इलाज नाही.

फ्रिक्वेन्सीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण भारतातले बहुतेक लोक इथेच परदेशी व्हिडिओ पाहून फसतात. अमेरिकेत सत्तर सेंटिमीटरचा हौशी पट्टा ४२० ते ४५० मेगाहर्ट्झ इतका ऐसपैस आहे. तिथला माणूस व्हिडिओत ४३१ किंवा ४४१ भरतो आणि पुढे जातो. भारतीय परवान्यावर आपल्याला ४३४ ते ४३८ एवढंच मिळतं. त्यातला ४३५ ते ४३८ हा भाग जगभर हौशी उपग्रहांसाठी राखलेला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर ४३७.८०० वर बोलतो. इस्रोनं ५ मे २००५ रोजी सोडलेला आपला हॅमसॅट ४३५.२५ च्या आसपास पृथ्वीचं ऐकत असे. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एखादी कॉलेजातली मुलगी हातात यागी अँटेना धरून दहा मिनिटांच्या फेरीत एखाद्या उपग्रहाचा क्षीण सिग्नल शोधत असेल आणि आपला हॉटस्पॉट नेमका त्याच फ्रिक्वेन्सीवर गुरगुरत असेल, तर दहा मिलिवॅट खूप होतात.

म्हणजे राहतो ४३४ ते ४३५, एक मेगाहर्ट्झ. १२.५ किलोहर्ट्झनं भागलं तर कागदावर ऐंशी जागा. त्यात गावातले ॲनालॉगवाले आहेत, शिवाय अगदी खालच्या कडेला बसलं तर निम्मा सिग्नल पट्ट्याबाहेर जातो आणि खाली ४३३.९२ च्या आसपास गाड्यांचे रिमोट किलबिलत असतात. आधी काही दिवस नुसतं ऐकावं, स्थानिक क्लबला विचारावं, मग आकडा ठरवावा. हॉटस्पॉट स्वतः ही खबरदारी घेत नाही. त्या फ्रिक्वेन्सीवर कुणी ॲनालॉगमध्ये बोलत असेल तर त्याला ते कळतच नाही, सर्व्हरकडून पाकीट आलं की तो बोलू लागतो.

पट्टा असा अरुंद असल्यानं माझं मत एकाच फ्रिक्वेन्सीवर ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या सिम्प्लेक्स बोर्डाच्या बाजूनं आहे. दोन अँटेनांचं डुप्लेक्स बोर्ड एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि दुसऱ्यावर बोलतं, दोन्ही टाइमस्लॉट वापरतं, डॅशबोर्डही छान भरलेला दिसतो. पण अँटेना एकमेकींना चिकटून, मध्ये फिल्टर नाही. दोन फ्रिक्वेन्सींत भरपूर अंतर ठेवलं नाही तर बोर्ड स्वतःच्याच आवाजानं बहिरं होतं, आणि भरपूर अंतर ठेवायचं तर आपल्या अरुंद पट्ट्यात एक पाय उपग्रहांच्या भागात पडतो. सिम्प्लेक्सचा तोटाही खरा आहे. तो बोलत असताना आपलं ऐकत नाही, त्यामुळे गजबजलेल्या गटात मध्ये शिरणं जमत नाही. थांबायला शिकावं लागतं, त्यात काही वाईट नाही.

बोर्ड आणलं, सॉफ्टवेअर चढवलं, डॅशबोर्ड हिरवा झाला आणि तरीही आवाज येत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त. कारण बहुधा क्रिस्टल. बोर्डवरच्या ऑसिलेटरमध्ये दहा लाखांत एका भागाची चूक असली तर ४३४ मेगाहर्ट्झवर ती ४३४ हर्ट्झची होते. डीएमआरच्या चार उड्यांपैकी आतल्या दोन मध्यापासून फक्त ६४८ हर्ट्झ दूर असतात. एवढ्याशा अंतरात चारशे-पाचशेची चूक झाली तर सेट अधूनमधून एक उडी सोडून दुसरीच मोजतो. स्वस्त बोर्डांत चूक याहून मोठीही निघते. डॅशबोर्डवर बीईआर नावाचा आकडा असतो, शंभर बिटांत किती चुकले ते सांगणारा. ऑफसेट पन्नास-पन्नास हर्ट्झनं सरकवत जावं, दोन्ही बाजूंना आवाज कुठे तुटतो ते लिहून ठेवावं आणि मधला आकडा भरावा. एवढं एक काम मन लावून केलं तर रेडिओचं बरंचसं शिक्षण होतं. विकत आणलेल्या बंद डब्यात हे करायची वेळ येत नाही, म्हणून मला ते डबे थोडे कंटाळवाणे वाटतात. आणि हो, चाचणी करताना हातातला सेट कमीत कमी ताकदीवर ठेवा. टेबलावर हातभर अंतरावरून पाच वॅट मारले तर रिसीव्हर गुदमरतो आणि बीईआर खोटा दिसतो.

पुढचा डोंगर कोडप्लगचा, म्हणजे सेटमध्ये भरायच्या माहितीच्या फाइलचा. डीएमआर सेट मुळात कारखान्यांसाठी बनलेला, त्यामुळे चॅनेल, झोन, कॉन्टॅक्ट, कलर कोड, टाइमस्लॉट सगळं संगणकावर आधी भरावं लागतं. त्याआधी सात आकडी डीएमआर आयडी हवा. तो परवान्याची प्रत पाहूनच मिळतो, आणि भारताचे आयडी मोबाइल नेटवर्कच्या देश-क्रमांकाप्रमाणे ४०४ नं सुरू होतात. ब्रँडमायस्टरच्या जाळ्यावर भारताचा टॉकग्रुप, म्हणजे संभाषणाचा गट, हाही ४०४ च, जगाचा ९१. ९९९० हा पोपट, आपलंच बोलणं परत ऐकवणारा. पहिले काही दिवस त्याच्याशीच बोलावं, तो कुणाकडे तक्रार करत नाही. ९१ वर नमस्कार-चमत्कार झाले की लांबलचक गप्पांसाठी दुसऱ्या गटात जायचं असतं. दोन बोलण्यांच्या मध्ये क्षणभर जागा सोडायची, कारण त्या फटीतूनच कुणीतरी तातडीचं काही सांगायला येऊ शकतो.

सर्व्हरच्या पानावर एखादा गट कायमचा जोडता येतो. सोयीचं आहे, म्हणून लोक चार-पाच गट जोडून टाकतात. परिणाम असा की घरी कुणी नसताना हॉटस्पॉट दिवसभर जगाच्या गप्पा हवेत सोडत बसतो, आपल्या कॉलसाइनवर. गरज नसेल तेव्हा गट सोडावेत, बाहेर पडताना प्लग काढावा. पाय-स्टारचा मूळ पासवर्ड जगाला ठाऊक आहे, तो पहिल्याच दिवशी बदलावा. व्यापारी सेटमध्ये एन्क्रिप्शनची सोय असते, ती हौशी पट्ट्यावर बंदच ठेवावी. देशादेशांतल्या हौशी संभाषणात अर्थ लपवणारं सांकेतिकीकरण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चालत नाही. परवाना नसलेल्या मित्राच्या हातात ‘जरा बोलून बघ’ म्हणून सेट देणं हा तर आपल्याकडचा आवडता गुन्हा. त्या मित्राला परीक्षेला बसवा, वयाच्या बाराव्या वर्षापासून बसता येतं. परदेशातून बोर्ड मागवणाऱ्यांनी ती ट्रान्समीटर असलेली वस्तू आहे हे लक्षात ठेवून आयातीची परवानगी आधी विचारून घ्यावी, पार्सल कस्टम्समध्ये पोचल्यावर नव्हे.

हॉटस्पॉटच्या जाहिरातींत ‘आणीबाणीत उपयोगी’ असं सर्रास छापलेलं असतं. ते मला मुळीच पटत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम धावले, २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला आधीच तळ ठोकून असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या चमूनं मुख्य भूमीशी संपर्क ठेवला. ते काम एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हचे, सेट आणि बॅटरी यांच्या बळावर झालं, मध्ये कुणाचं फायबर नव्हतं. जिथे ब्रॉडबँड आणि मोबाइल टॉवर पडले तिथे हॉटस्पॉट पहिल्या मिनिटाला मुका होतो. रोजच्या सरावानं मायक्रोफोनसमोरची भीड मोडते, नेमकं आणि थोडक्यात बोलायची सवय लागते, गावोगावच्या माणसांची ओळख होते, एवढा त्याचा वाटा मान्य. त्यापुढचं श्रेय त्याला देऊ नये.

हे पुस्तक सलग वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे बोर्ड आधीच आहे आणि आवाज येत नाही त्यांनी कॅलिब्रेशनचं प्रकरण उघडावं आणि शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी. ज्यांनी अजून काही घेतलेलं नाही त्यांनी खरेदीचं प्रकरण सोडून आधी फ्रिक्वेन्सीचं वाचावं. डी-स्टार आणि फ्यूजनवाल्यांना डीएमआरची दोन प्रकरणं वगळता येतील, टॉकग्रुपवरच्या वागणुकीचं मात्र वगळू नये. मेनूची नावं सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीत बदलतात, म्हणून लेखकांनी स्क्रीनची चित्रं मोजकीच ठेवली आहेत आणि कुठला आकडा कशासाठी भरायचा यावर पानं खर्च केली आहेत. शेवटच्या परिशिष्टात भारतीय पट्ट्याचा तक्ता आहे. त्याची प्रत काढून टेबलासमोर लावावी, आणि नियम बदलले तर तीवर पेनानं दुरुस्ती करावी.